सात नंबरची बरणी

"सात नंबर?" देवस्थळी मॅडमनी मान वर न करता विचारलं.

मी बरणी उचलून चिठ्ठी वाचली. "वाळा, मॅडम."

"वाळा. सरपटणारे प्राणी. साप." बोलता बोलता त्यांनी उद्याच्या परीक्षेच्या उत्तरांच्या यादीत लिहून टाकलं. "आठ?"

"खेकडा."

"नऊ?"

"झुरळाचं तोंड. काचपट्टीवरचं."

"दहा?"

"शिंपला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. "पोवार, चिठ्ठ्यांवर कागद चिकटवा आणि नंबर घाला. माझ्यात आता उठायचं बळ नाही."

"तुम्ही जावा मॅडम. मी करतो."

ऑक्टोबरची दुपार होती. घाटमाथ्यावरचा तालुका, त्यामुळं पाऊस संपला तरी भिंतीतली ओल जात नाही, आणि वरनं ऊन मात्र डोकं फोडतं. मॅडम एकट्या प्राणिशास्त्राचा विभाग ओढत होत्या. दुसरी जागा चार वर्षं भरली नव्हती. आणि विभाग म्हणजे तरी काय, त्या, मी आणि तीन कपाटं बरण्या.

मी कागदावर परिचर, पोरांच्या तोंडी पोवारमामा. शाळा सातवीपर्यंत. पण सतरा वर्षं त्या फॉर्मालीनच्या वासात काढलेली. बोटांची कातडी सोलून सोलून चिंचेच्या टरफलागत झालेली. पोरांना कुठली बरणी कुठल्या फळीवर हे मी डोळे मिटून सांगायचो, त्याचा मला जरा गर्वच होता म्हणा.

परीक्षा होती ती जुन्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या बॅचची. नापास होत होत मागं राहिलेली नऊ पोरं. विद्यापीठानं अभ्यासक्रम बदललेला, आणि जुन्याला ही शेवटची संधी. यात गेला तो गेला, मग पुन्हा पहिल्यापासनं सगळं नवं शिकायचं. त्यांच्यातलं कोण कशाला ते करतंय? घरी जाऊन म्हशी राखायच्या, नाहीतर कुठंतरी दुकानात चिकटायचं.

आमच्याकडं एक रिवाज होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी कच्च्या पोरांना कपाटापुढं उभं करायचो आणि एकेक बरणी दाखवायचो. उद्या कुठल्या दहा मांडणार ते मला तेव्हा माहीत नसायचं, आणि कळल्यावर मी फोडलं नाही कधी, तेवढं इमान राखलं. मॅडम कानाडोळा करायच्या. त्या दिवशीही नवातली आठ पोरं आली होती. सर्जेराव चौगले सगळ्यांत पुढं. अंगानं दांडगा, डोक्यानं संथ, पण सांगितलेलं ऐकणारा.

"मामा, ह्यो दोऱ्यागत साप कुठला?"

"वाळा. आंधळा असतोय. पाय न्हाईत म्हणजे साप, एवढं धरून चाल. चुकणार न्हाईस."

"पाय न्हाईत म्हणजे साप," सर्जानं घोकलं.

नववी आली नव्हती. आक्काताई झोरे. ती पार वरच्या धनगरवाड्यावरची. सकाळच्या गाडीनं येणार, दीडच्या गाडीनं जाणार, आणि गाडी जिथं सोडते तिथनं पुढं दोन तास चढण चालणार. मध्येच एक दिवस जादा येणं तिला जमायचं नाही. त्या वाड्यावरनं कॉलेजात आलेलं ते पहिलंच माणूस. थिअरीला पास झालेली, प्रॅक्टिकलला दोनदा गेलेली, कारण हाताला कंप. चिमटा धरला की हात थरथरायचा.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. चंद्रात्रे सर. गोरे, बारीक, शर्टाची कॉलर घामानं भिजलेली. आल्या आल्या पाणी मागितलं आणि म्हणाले, "बाई, या महिन्यातलं माझं हे अकरावं सेंटर. तीनच्या गाडीला मला बसवा, बाकी काही मागणं नाही."

दहा बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक बरणीपुढं दोन मिनिटं, मग मी घंटा मारायची, पोरानं पुढं सरकायचं. प्राणी ओळखायचा, कुठल्या गटातला ते लिहायचं आणि कशावरनं तेही लिहायचं. एका बरणीला तीन गुण. ह्याला म्हणायचं स्पॉटिंग. मी घंटा मारत होतो आणि पोरांची तोंडं बघत होतो. सात नंबरपाशी सर्जा थांबला, माझ्याकडं बघून हळूच हसला आणि लिहिता झाला. आक्काताई सात नंबरपाशी वाकली. वाकून राहिली. बरणी हातात घेऊन उजेडाकडं धरली. मला वाटलं, गेली ही.

पुढं चिरफाड झाली, तोंडी परीक्षा झाली. साडेबाराला पोरं सुटली. आठजण कँटीनमागच्या फणसाखाली जाऊन बसली, निकालाचा काही वास लागतोय का बघायला. आक्काताई ट्रे धुऊन माझ्याकडं द्यायला आली.

"मामा, सात नंबरला काय हुतं?"

"तू काय लिवलंस?"

"देवगांडूळ."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "अगं, वाळा हुता त्यो. साप."

"न्हाई मामा."

"न्हाई काय? चिठ्ठी मी लावलीया."

ती भांडली नाही. भांडण्याइतका दम तिच्यात दिसतही नव्हता. पहाटे चारला उठून आलेली पोर. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "आमच्या गोठ्यामागं शेणखताच्या ढिगाखाली निघतंय ते. लोकं साप म्हणून ठेचत्यात. लहानपणी मी बी ठेचलं. एकदा ढीग उकरताना मादी घावली. अंड्यांभवती वेटोळं करून बसलेली. अंडी खिरीतल्या साबुदाण्यागत, ओली, लिबलिबीत. सापाची तशी नसत्यात. मग कॉलेजात आल्यावर मॅडमनी फळ्यावर काढलं, तवा कळलं हे साप न्हवं, बेडकाचं भावबंद हाय."

"आगं पण पाय न्हाईत त्याला."

"म्हणूनच तर त्याचं घर येगळं. मॅडमनी तीन घरं सांगितल्यात न्हवं का? बिनशेपटीचं बेडूक, शेपटीवाला सॅलमँडर आणि बिनपायाचं देवगांडूळ. तिघांची कातडी ओली आणि वरनं खवलं न्हाईत. सापाला खवलं असत्यात. ह्याला नुसत्या वळ्या, अंगठ्या घातल्यागत." मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, "जातो मामा. गाडी जाईल."

ती गेली. मी उगाच ट्रे पुसत बसलो. मग उठलो, भिंग घेतलं आणि सात नंबरची बरणी खिडकीत नेली.

वळ्या. नुसत्या वळ्या. खवला म्हणून एक नाही.

आता इथं मला मागचं सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत लॅबला चुना लागला. कपाटं रिकामी करायची पाळी आली. बरण्यांवर बोटबोट घाण, म्हणून मी शहाणपणा केला. टबात कपडे धुवायचा सोडा कालवला आणि एकेक बरणी त्यात बुडवून घासली. बरण्या लखलखीत झाल्या, पण चिठ्ठ्या सगळ्या सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या. साठ-पासष्ट चिठ्ठ्या. मॅडमच्या आधीच्या सरांच्या हातच्या, वर इंग्रजी, खाली मराठी. मी त्या पेपरवर वाळवल्या, मैद्याची खळ शिजवली आणि आठवेल तशा परत लावल्या. निम्म्याअधिक बरण्या ओळखीच्या होत्या. बाकीच्या डोळ्यांनी लावल्या. पाय नाहीत तो साप, सापाच्या फळीवर. चार पाय आणि शेपूट ती पाल, पालीच्या फळीवर. चिठ्ठ्याही जवळपास पुरल्या, त्यामुळं मला वाटलं जमलं. दोनतीन उरल्या, त्या फाटल्या होत्या, टाकून दिल्या.

मॅडमना सांगायला पाहिजे होतं. पण मॅडम तेव्हा रजेवर होत्या. त्यांचे मालक गेले होते. तीन महिन्यांनी परत आल्या तेव्हा मोकळं कपाळ घेऊन आल्या आणि खुर्चीत बसून नुसत्या खिडकीतनं बाहेर बघायच्या. त्या बाईपुढं जाऊन मी काय सांगू, की तुमची कपाटं मी विस्कटली? पुढं त्या फळ्यावरच शिकवायला लागल्या. कपाट उघडून बरणी हातात घेणं त्यांनी सोडूनच दिलं. मलाही ते बरं पडलं.

बरणी हातात घेऊन मी उभाच होतो. आतल्या खोलीतनं चंद्रात्रे सरांचा आवाज आला. ते गुणांची बेरीज करत होते.

"चौगले पास. काठावर. सुतार पास. झोरे..." ते थांबले. "झोरे दोननं गेली, बाई. चिरफाडीत सगळं हरवलं तिनं. स्पॉटिंग बरं होतं, फक्त सातवा चुकला. बेडकाच्या वर्गात नेऊन ठेवलाय तिनं साप."

"दोन गुण," मॅडम म्हणाल्या.

मी आत गेलो. बरणी टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, साप न्हाई ह्यो."

चंद्रात्रे सरांनी चष्म्यातनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही कोण?"

"लॅबचा माणूस. चिठ्ठी मी लावली हुती. चुकीची लावली." आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोडा, टब, खळ, सगळं. मॅडमकडं न बघता सांगितलं.

सरांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघत बसले. मग भिंग बाजूला ठेवून खुर्चीत मागं रेलले. "बरोबर आहे पोरीचं. पंधरा-वीस वर्षं झाली मला हा प्राणी हातात घेऊन. पुस्तकातनंच शिकवतो आम्ही." मग मॅडमना म्हणाले, "खवले असतात ह्यालाही. पण वळ्यांच्या आत, कातडीत दडलेले. वरून काही नाही. सापात टाकायची चूक शिकलेले लोकसुद्धा करतात."

मॅडमनी बरणी जवळ ओढली. भिंग घेतलं नाही. नुसतं बघूनच त्यांना कळलं. "मी काल हातात घेतली असती तर," एवढंच म्हणाल्या.

"आता उत्तर बदलायचं म्हटलं तर," सर वहीकडं वळले, "हिला तीन मिळतील, एकानं पास होईल. पण बाकी आठांनी साप लिहिलंय. आठांचे तीन-तीन गेले तर..." त्यांनी पेन्सिल फिरवली. "चौगले जातो. सुतार जाते. पाटील जातो. तिघं जातात."

त्या आठांना साप शिकवला कुणी? मीच. आदल्या दिवशी कपाटापुढं उभं करून. ज्यांनी माझं ऐकलं ते बुडणार, आणि जी माझ्याकडं आलीच नाही तिचंच बरोबर.

"दोन्ही बरोबर धरा की, सर," मी म्हटलं. "चूक आमची हाय. पोरांची न्हाई."

"एका प्रश्नाला दोन उत्तरं धरता येत नाहीत हो." ते चिडले नव्हते, थकले होते. "एक मार्ग आहे. सातवा स्पॉट रद्द करायचा. नवा ठेवायचा, सगळ्यांना परत बसवायचं, त्याचे तीन गुण धरायचे. नऊच तर आहेत. सव्वा वाजलाय. पावणेदोनला सगळे इथं असले तर होईल. जो नसेल त्याला शून्य."

मॅडमना जरा हुशारी आली. "सॅलमँडर ठेवू. दार्जिलिंगकडून विकत आणलेला आहे. पोवार, पालींच्या शेजारच्या..." त्या मध्येच थांबल्या. "सॅलमँडर कुठल्या फळीवर आहे?"

मी खाली मान घातली. "त्यो बी नको, मॅडम."

"तोही?"

"त्यो पालींच्यात हाय. पाल म्हणूनच दाखवलाय मी पोरांना."

मॅडमनी कपाटाकडं बघितलं.

"मग आपल्याकडे त्या वर्गातलं बरोबर काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"बेडूक," मी म्हटलं. "बेडूक बरोबर हाय."

चंद्रात्रे सर पहिल्यांदा हसले, पण ते हसणंही दमलेलं. "ठेवा बेडूक. बेडूक कुणाला चुकतोय? सगळे सुटतील. जा मामा, गोळा करा पोरं."

फणसाखालच्या आठांना मी एका हाकेत आत घातलं. सर्जा विचारत होता, "मामा, काय झालं, मामा?" म्हटलं, "बेडूक लिव, गप." आणि ऑफिसातल्या क्लार्कची सायकल घेऊन स्टँडकडं निघालो.

कॉलेज ते स्टँड दीड मैल, सगळा चढ. माझं वय तेव्हा पंचेचाळीस, पण त्या उन्हात सत्तरचा झालो. अर्ध्यात उतरून सायकल ढकलली. पोचलो तेव्हा घाटाची गाडी सुरू होऊन हिसके देत होती. आक्काताई मधल्या खिडकीत बसलेली, डोकं गजाला टेकून.

मी आत चढलो. "उतर पोरी. मॅडमनी बोलावलंय."

ती दचकली. "काय झालं?"

मी तिथंच, उभ्यानं, माणसांनी भरलेल्या गाडीत सांगितलं. "तुझं बरोबर हुतं. देवगांडूळच हाय ते. मीच चुकीची चिठ्ठी लावली हुती. आता सातवा नंबर रद्द केलाय आणि बेडूक ठेवलाय. चल. दोन मिनिटांत लिवून टाक, पास हुशील."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझं बरोबर हुतं?"

"व्हय."

"परीक्षेच्या सरांनी बघितलं?"

"भिंगानं बघितलं. तेच म्हणाले."

"मग परत कशाला बोलावताय?"

म्हटलं, "बाकीच्या आठांचं चुकलंय न्हवं का. त्यांच्यासाठनं."

"त्यांच्यासाठनं माझं पुसायचं?"

कंडक्टर दारातनं ओरडला, "मामा, उतरवताय का बसताय?"

"थांब जरा बाबा," मी म्हटलं.

तिच्या शेजारी एक म्हातारी कोंबडीची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळं कान देऊन ऐकलं होतं. म्हणाली, "पोरगीचं बरोबर हाय म्हणतासा आणि तिलाच हेलपाटा?"

"आजी, तुम्हाला न्हाई कळायचं."

"न्हाई कळायचं तर सोड तिला. पुढली गाडी रातची हाय. रातची रानातनं एकटी जाईल ती?"

आक्काताईनं म्हातारीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे लाल झालेले, पण रडत नव्हती. "मामा, तीन वर्षं झाली मी हितं येतोय. हात कापतोय म्हणून दोनदा घालवलं, मी काय बोललो न्हाई. हात कापतोय ते खरंच हाय. पण ह्ये बरोबर लिवलंय मी. दोन मिनिटं हातात धरून, उजेडात बघून लिवलंय. आता बेडूक लिवून पास हुयाचं, तर मग ह्ये मी लिवलंच न्हाई असं हुतंय."

"नापास हुशील, पोरी. शून्य देणार. शेवटची संधी हाय."

"माहीत हाय."

"मग?"

ती खिडकीतनं बाहेर बघायला लागली. मोठ्या मुश्किलीनं म्हणाली, "न्हाई येत मी. तुम्ही जावा. मॅडमना सांगा, त्यांनी फळ्यावर काढलेलं मला आठवत हुतं."

गाडी सुटली. मी धुरात उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. दोन मिनिटांचं काम. एवढं काय अडून बसायचं? सगळे सुटत होते, ही पण सुटली असती, मीही सुटलो असतो.

परत उतार होता, पण सायकल पळवायला पाय नव्हते. पोचलो तेव्हा पोरं बेडूक लिहून बाहेर पडली होती. आत दोघं माझीच वाट बघत होते. चंद्रात्रे सरांची बॅग टेबलावर तयार.

"कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, म्हातारीचंही. शेवटचा निरोप सांगताना जरा अडखळलो, पण सांगितला.

मॅडमनी सात नंबरच्या बरणीकडं बघितलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, झोरेचा सातवा स्पॉट मी पहिल्या उत्तरावर धरते आहे. तीन गुण."

"बाई, रद्द केलाय तो."

"तिच्यासाठी नाही केला. मी तसं लिहून देते. नमुन्याला चुकीचं नाव होतं, उत्तरांच्या यादीत चुकीचं उत्तर मी न तपासता लिहिलं, एका विद्यार्थिनीनं बरोबर ओळखलं. जबाबदारी माझी."

"हे वर जाईल. वरचे विचारतील, लॅबमध्ये आणखी काय काय चुकलंय."

"विचारू देत. चुकलंच आहे."

"मॅडम, चिठ्ठ्या मी लावल्या," मी म्हटलं. "तुमचं नाव कशाला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या मोकळ्या कपाळाच्या, दमलेल्या बाईनं दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "तुम्ही लावल्यात, पोवार. आणि मी दोन वर्षं एकही बरणी उघडून बघितली नाही. त्या पोरीनं दोन मिनिटांत बघितली." मग एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमचंही तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात."

सातवीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. पण लिहिलं. सोडा घालून बरण्या धुतल्या, चिठ्ठ्या सुटल्या, डोळ्यांना दिसेल तशा लावल्या, मॅडमना सांगितलं नाही. चार ओळींना अर्धा तास गेला. चंद्रात्रे सरांनी बॅग खाली ठेवली आणि थांबले. तीनची गाडी त्यांची गेली. माझा कागद वाचला, मॅडमचा वाचला, आणि दोन्हीखाली सही केली.

मग व्हायचं ते झालं. विद्यापीठातनं पत्र आलं, कॉलेजातनं मेमो आला. मॅडमना परीक्षक म्हणून बोलावणं तीन वर्षं बंद झालं. लॅब असिस्टंटच्या बढतीसाठी माझं नाव वर पाठवलेलं होतं, कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता. तो टेबलावरच राहिला. पुढं सहा वर्षं राहिला. कॉलेजात लोक म्हणायचे, पोवारमामा, जगात खरं बोलायला तुम्हाला तीच वेळ घावली व्हय? मी हसून सोडून द्यायचो. खरं तर मलाही त्या वेळी कळलं नव्हतं, मी नक्की काय केलं ते. मी फक्त आत गेलो आणि बोलून टाकलं. मॅडमनी काय केलं तेही नीट कळलं नव्हतं. सगळं बरं चाललं होतं, बेडूक ठेवला होता, सगळे सुटत होते. एका पोरीच्या हट्टापायी दोघांच्या नावाला डाग. सहा महिने माझ्या मनात हेच होतं.

एप्रिलात आक्काताई मार्कलिस्ट न्यायला आली. ऑफिसातनं कागद घेऊन लॅबमध्ये आली. पास झाली होती, एका गुणानं. मॅडम वर्गावर होत्या. मी कपाटापुढं होतो.

"पास झालो, मामा."

"माहीत हाय."

तिनं कागद घडी करून पिशवीत घातला. जायला वळली, आणि थांबली. "मॅडमना मेमो आला म्हणं."

"आला."

"तुम्हाला?"

"मला बी."

"तुमची बढती बी अडकली म्हणं ऑफिसात."

"अडकली असंल. म्हणेनात का."

ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत उभी राहिली. हात थरथरत होता, नेहमीसारखा. खाली बघून म्हणाली, "त्या दिवशी मी गाडीतनं उतराय पाहिजे हुतं का, मामा? उतरलो असतो तर कुणालाच काय झालं नसतं. सगळेच पास झाले असते."

मी तोंड उघडलं, व्हय म्हणायला. सहा महिने तेच घोकत होतो. पण तोंडातनं दुसरंच आलं.

"उतरली असतीस तर," मी म्हटलं, "तू बी बेडूक लिवून पास झाली असतीस. सर तीनच्या गाडीनं गेले असते. मॅडम घरी गेल्या असत्या. आणि मी ती बरणी परत सापाच्या फळीवर ठेवून कपाटाला कुलूप घातलं असतं."